रॉकेट इंजिनाच्या एकूण कार्यमानाचे मापन : पल्ल्यापासून विशिष्ट आवेगापर्यंत

गोषवारा

रॉकेट इंजिन चांगले की वाईट हे ठरविण्यासाठी आज 'विशिष्ट आवेग' ही राशी सर्वमान्य आहे. तिचे एकक सेकंद असे लिहिले जाते. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ही राशी तयार सूत्राच्या स्वरूपात येते. ती कोणत्या प्रश्नांतून घडली याचा उल्लेख सहसा नसतो. अठराव्या शतकातील बाणांच्या पल्ल्यापासून महेंद्रगिरी येथील निर्वात चाचण्यांपर्यंत या मापनाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. इंजिनाचे कार्यमान मोजण्यासाठी प्रथम इंजिनाला उड्डाणापासून वेगळे करावे लागले, आणि ही फारकत हाच या इतिहासातील निर्णायक टप्पा होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, एका आकड्यात सामावलेले हे मापन कोणत्या गोष्टींबाबत मौन बाळगते याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : रेटा, विशिष्ट आवेग, प्रणोदक, चाचणीमंच, निर्वात चाचणी.

१. प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात शोधांना जेवढे स्थान मिळते तेवढे मापनाला मिळत नाही. रॉकेटच्या बाबतीत तर उड्डाणाची दृश्ये इतकी प्रभावी असतात की, त्यामागील वजनकाट्याकडे आणि घड्याळाकडे लक्ष जाणे कठीणच असते. वस्तुतः रॉकेटविद्या ही आतषबाजीच्या कारागिरीतून बाहेर पडून अभियांत्रिकी शास्त्र झाली ती या दोन साधनांच्या बळावर.

येथे प्रथम दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'कार्यक्षमता' म्हणजे पुरविलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा उपयोगी पडली याचे प्रमाण. 'कार्यमान' ही कल्पना त्याहून व्यापक आहे. इंजिन किती रेटा देते, त्यासाठी किती प्रणोदक खर्च करते आणि परिणामी यानाला किती वेग देऊ शकते, याचा एकत्रित हिशेब कार्यमानात येतो. इंधन आणि त्याच्या ज्वलनास लागणारा ऑक्सिडीकारक या दोहोंना मिळून या लेखात 'प्रणोदक' असे म्हटले आहे. मोटारीचे इंजिन ऑक्सिजन हवेतून घेते. रॉकेटला तो स्वतःबरोबर वाहून न्यावा लागतो. त्यामुळे रॉकेटच्या हिशेबात खर्च झालेल्या प्रत्येक किलोग्रॅमला विशेष महत्त्व प्राप्त होते.

२. पल्ला हेच माप

अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत 'बाण' हा शब्द धनुष्यबाणाबरोबरच दारू भरलेल्या अग्निबाणाच्या अर्थानेही येतो. मराठे, मोगल व म्हैसूर या तिन्ही सैन्यांत अशा बाणांचा वापर होता. हैदर अली व टिपू सुलतान यांच्या म्हैसूर राज्यात मात्र या शस्त्राचा विशेष विकास झाला. तेथील बाणांची नळी लोखंडी असे. कागद किंवा बांबूच्या नळीपेक्षा ती अधिक दाब सहन करीत असल्यामुळे दारू अधिक घट्ट ठासता येई आणि पल्लाही वाढे. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना या बाणांचा चांगलाच अनुभव आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तेथील बाण इंग्लंडला नेण्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच विल्यम काँग्रीव्ह याने वुलविच येथे आपली रॉकेटे सिद्ध केली.

या संपूर्ण काळात रॉकेटच्या गुणवत्तेचे माप एकच होते : ते किती दूर गेले. युद्धाच्या दृष्टीने हे माप योग्यच होते. परंतु सुधारणा करू इच्छिणाऱ्या कारागिराला त्याचा फारसा उपयोग नव्हता. पल्ला कमी पडला तर दोष दारूचा, नळीच्या तोंडाचा, काठीच्या लांबीचा, वाऱ्याचा की डागणाऱ्याने साधलेल्या कोनाचा, हे पल्ल्याच्या आकड्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता. अनेक कारणांची बेरीज एकाच परिणामात लुप्त होत असे.

ही अडचण गणिताच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न वुलविचच्या लष्करी विद्यालयातील विल्यम मूर याने केला. त्याचा रॉकेटच्या गतीवरील ग्रंथ १८१३ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूटनच्या नियमांच्या आधारे त्याने रॉकेटच्या गतीचे विवेचन केले. परंतु त्याच्या गणितात घालावयाचे रेट्याचे विश्वसनीय आकडे कोठून आणावयाचे हा प्रश्न उरलाच. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी बेंजामिन रॉबिन्स याने १७४० च्या दशकात लोलकाचा उपयोग केला होता. जड लोलकावर गोळी आदळली की तो किती झुलतो यावरून गोळीचा संवेग काढता येई. रशियात कॉन्स्तांतिन कॉन्स्तांतिनोव्ह याने १८४७ मध्ये हीच कल्पना रॉकेटला लावली. लोलकाला बांधलेले रॉकेट जळत असताना त्याचा रेटा कालानुसार कसा बदलतो याची नोंद त्याला घेता आली. रॉकेट आता उडत नव्हते. ते बांधलेले होते. वाऱ्याचा, काठीचा आणि नेमबाजाचा प्रभाव एका झटक्यात हिशेबातून वगळला गेला. उडणाऱ्या यंत्राविषयीचे खरे ज्ञान त्याला उडू न दिल्यानेच मिळाले, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास आहे.

३. सूत्र आणि प्रयोग : त्सिओल्कोव्हस्की व गॉडर्ड

रेटा मोजता आला तरी एक प्रश्न शिल्लक होता. मोठे इंजिन साहजिकच मोठा रेटा देते. मग लहान व मोठ्या इंजिनांची तुलना कशाच्या आधारे करावयाची? याचे तात्त्विक उत्तर रशियातील कालुगा या गावी शिक्षकाची नोकरी करणारे कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. रॉकेटला मिळणारा अंतिम वेग केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो : बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, आणि रॉकेटच्या आरंभीच्या व अखेरच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. इंजिन लहान की मोठे हा प्रश्नच या सूत्रात उरत नाही. वायूचा निर्गम वेग दुप्पट झाला की रॉकेटचा अंतिम वेगही दुप्पट होतो. वस्तुमानाचे गुणोत्तर मात्र लॉगरिथमच्या रूपाने येत असल्यामुळे ते कितीही वाढविले तरी लाभ हळूहळूच वाढतो. साहजिकच इंजिनाच्या कार्यमानाचे सार वायूच्या निर्गम वेगात आहे, हे सिद्ध झाले. द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यासाठी त्सिओल्कोव्हस्की यांनी हा वेग सेकंदाला ५,७०० मीटर असा गृहीत धरला होता. आजची उत्तम हायड्रोजन इंजिने निर्वातात सुमारे ४,४०० ते ४,५०० मीटरपर्यंत पोहोचतात. कागदावरील आणि मंचावरील आकड्यांत अंतर राहते. ते किती राहते हे मापनानेच कळते.

हे मापन अमेरिकेतील वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट गॉडर्ड यांनी १९१५ व १९१६ या वर्षांत हाती घेतले. त्यांनी आरंभ केला तो बाजारात मिळणाऱ्या जहाजी इशाऱ्याच्या रॉकेटांपासून. त्यांची कार्यक्षमता अवघी दोन टक्क्यांच्या आसपास असल्याचे आढळले. म्हणजेच दारूतील ऊर्जेचा अत्यल्प भाग गतीत रूपांतरित होत होता. त्यानंतर गॉडर्ड यांनी पोलादी ज्वलनकोठी, धूरहीन दारू आणि स्वीडिश अभियंता दे लावाल याने वाफेच्या टर्बाइनसाठी योजलेले, आधी निमुळते होऊन पुढे रुंदावत जाणारे नॉझल यांचा उपयोग केला. आता कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या वर गेली आणि वायूचा निर्गम वेग सेकंदाला सुमारे ८,००० फुटांपर्यंत पोहोचला.

गॉडर्ड यांचा दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरला. रॉकेट पुढे जाते ते मागील हवेला ढकलून, असा समज सुशिक्षितांतही होता. तसे असते तर निर्वात अवकाशात रॉकेट निरुपयोगी ठरले असते. गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत ज्वलनकोठी डागली. बाहेर पडलेला वायू भिंतीवर आदळून परत येऊ नये व मापन बिघडू नये, याचीही त्यांनी विशेष दक्षता घेतली. निर्वातात रेटा कमी तर झालाच नाही, उलट वाढला. बाहेरच्या हवेचा दाब हा वायूच्या निर्गमनास अडथळाच असतो. तो दूर झाल्यावर रेटा वाढावा हे सिद्धान्ताशी सुसंगतच होते.

हे निष्कर्ष १९१९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केले. तरीही 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जानेवारी १९२० च्या संपादकीय टिपणात, निर्वातात रॉकेट चालेल असे मानणाऱ्या या प्राध्यापकाला क्रिया-प्रतिक्रियेचे शालेय ज्ञानही नसावे, अशा आशयाची टीका केली. वस्तुतः ज्या प्रश्नावर ही टीका होती त्याचे उत्तर प्रयोगाने आधीच दिले होते. 'अपोलो ११'च्या उड्डाणानंतर दुसऱ्याच दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक मान्य केली. गॉडर्ड यांचे निधन १९४५ मध्येच झाले होते. मापनाने सिद्ध झालेली गोष्ट समाजमान्य होण्यास किती काळ लागू शकतो याचे हे उद्बोधक उदाहरण आहे.

१६ मार्च १९२६ रोजी गॉडर्ड यांचे द्रव प्रणोदकावरील पहिले रॉकेट उडाले. ते अडीच सेकंदांत ४१ फूट उंच चढले व १८४ फुटांवर पडले. जुन्या पद्धतीने, म्हणजे पल्ल्याने मोजले तर हे यश नगण्य होते. म्हैसूरचा सामान्य बाणही याच्या कितीतरी पुढे गेला असता. कार्यमानाचे माप बदलले नसते तर या प्रयोगाचे महत्त्व कोणाच्याही लक्षात आले नसते.

४. प्रमाणपत्राचा प्रश्न : बर्लिन, १९३०

मापनाला सामाजिक व संस्थात्मक बाजूही असते. जर्मन भाषेत लिहिणारे ट्रान्सिल्व्हेनियाचे हेर्मान ओबेर्थ यांनी १९२३ मध्ये अवकाशप्रवासावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातून जर्मनीत रॉकेटप्रेमींची एक संघटना उभी राहिली. उत्साह भरपूर होता, पैसा नव्हता. पैसा मिळवावयाचा तर द्रव प्रणोदकावर चालणारे इंजिन खरोखर काम करते हे कोणा तटस्थ अधिकारी संस्थेने सांगणे आवश्यक होते.

ही संधी बर्लिन येथील शासकीय रासायनिक-तांत्रिक संस्थेने दिली. २३ जुलै १९३० रोजी तिच्या आवारात ओबेर्थ यांचे शंकूच्या आकाराचे लहानसे इंजिन पेटविण्यात आले. मदतीस असलेल्या तरुणांत वेर्नर फॉन ब्राउन हा विद्यार्थीही होता. इंजिन ९० सेकंद चालले. त्याने सुमारे ७ किलोग्रॅम इतका रेटा सातत्याने दिला आणि सुमारे ६ किलोग्रॅम द्रव ऑक्सिजन व १ किलोग्रॅम पेट्रोल खर्च केले. संस्थेने तसे अधिकृतपणे प्रमाणित केले.

या तीन आकड्यांतूनच आजचे माप निघते. ७ किलोग्रॅम रेटा ९० सेकंद टिकला. दोहोंचा गुणाकार ६३० किलोग्रॅम-सेकंद. खर्च झालेले प्रणोदक ७ किलोग्रॅम. भागाकार येतो ९० सेकंद. याचा अर्थ असा की, १ किलोग्रॅम प्रणोदकापासून १ किलोग्रॅम इतका रेटा ९० सेकंद मिळू शकतो. हाच विशिष्ट आवेग. एखाद्या शेतकऱ्याने दहा लिटर डिझेलमध्ये पंप किती तास चालतो हे पाहावे, तितकाच हा हिशेब सरळ आहे. त्यासाठी लागतात ती साधनेही तीनच : रेटा मोजणारा काटा, टाकीचे वजन आणि घड्याळ.

९० हा आकडा आजच्या दृष्टीने अगदी सामान्य आहे. गॉडर्ड यांच्या धूरहीन दारूच्या प्रयोगातील वेग याच मापात मांडला तर तो सुमारे २५० सेकंद येतो. तरीही ओबेर्थ यांच्या प्रमाणपत्राचे मोल कमी होत नाही. कारण त्यानंतर रॉकेट इंजिनाविषयीचा दावा हा वैयक्तिक विश्वासाचा विषय न राहता तपासता येण्याजोगा विषय झाला.

५. सेकंद हे एकक कसे आले?

विशिष्ट आवेगाचे एकक सेकंद का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. इंजिन तेवढे सेकंद चालते असा त्याचा अर्थ नाही. रेटा व वजन ही दोन्ही एकाच एककात, किलोग्रॅममध्ये किंवा पौंडात, मांडली की भागाकारात ते एकक नाहीसे होते आणि मागे केवळ सेकंद उरतो. अमेरिकन अभियंते पौंडात काम करीत व युरोपीय अभियंते किलोग्रॅममध्ये. परंतु सेकंद दोघांनाही समान होता. त्यामुळे अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील इंजिनांची तुलना रूपांतराशिवाय करता येऊ लागली. सोव्हिएत ग्रंथांत याच राशीला दीर्घकाळ 'विशिष्ट रेटा' अशा अर्थाची संज्ञा होती.

या सोयीची एक किंमतही आहे. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण. म्हणून विशिष्ट आवेगाच्या व्याख्येत पृथ्वीचे प्रमाण गुरुत्वीय त्वरण, ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग, दडलेले असते. हे मूल्य १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय माप परिषदेने निश्चित केले होते. रॉकेट चंद्राजवळ असो वा मंगळाजवळ, भागावयाचे ते याच संख्येने. विशिष्ट आवेगाला तिने गुणले की वायूचा प्रभावी निर्गम वेग मिळतो. म्हणजे त्सिओल्कोव्हस्कींच्या सूत्रातील वेग आणि चाचणीमंचावरील सेकंद ही एकाच गोष्टीची दोन नावे होत. वर्गात सूत्र शिकविताना हा दुवा सांगितला नाही, तर अवकाशात गुरुत्व नसताना ९.८ कोठून आले, या विद्यार्थ्याच्या रास्त शंकेला उत्तर मिळत नाही.

६. एका आकड्याचे विश्लेषण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मापनाचे प्रमाण एकदम वाढले. पेनेम्युंडे येथे विकसित झालेल्या 'ए-४' या जर्मन क्षेपणास्त्राचे इंजिन सुमारे २५ टन रेटा देई आणि दर सेकंदाला सुमारे १२५ किलोग्रॅम अल्कोहोल व द्रव ऑक्सिजन जाळी. भागाकार केला की विशिष्ट आवेग सुमारे २०० सेकंद येतो. ओबेर्थ यांच्या ९० पासून बारा वर्षांत झालेली ही प्रगती तांत्रिकदृष्ट्या विलक्षण होती. मात्र हेच क्षेपणास्त्र 'व्ही-२' या नावाने शहरांवर डागले गेले. त्याच्या उत्पादनाशी जोडलेल्या मिटेलबाउ-डोरा छळछावणीत सुमारे वीस हजार कैदी मरण पावले. २०० सेकंद या आकड्यात यातील काहीच नोंदलेले नाही.

याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे थिओडोर फॉन कारमान यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रँक मलिना व त्यांचे सहकारी काम करीत होते. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी पासाडेनाजवळच्या कोरड्या नदीपात्रात त्यांनी पहिली इंजिन चाचणी घेतली. मलिना यांनी १९४० मध्ये आदर्श वायूच्या सिद्धान्ताच्या आधारे रॉकेट मोटरचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे स्थिरावलेल्या विश्लेषणपद्धतीत विशिष्ट आवेगाचे दोन घटक वेगळे केले जातात. पहिला घटक ज्वलनकोठीचा. प्रणोदकाचे मिश्रण व ज्वलन किती पूर्णपणे झाले हे तो दर्शवितो. कोठीतील दाब, नॉझलच्या गळ्याचे क्षेत्रफळ व प्रणोदकाचा प्रवाह यांवरून तो काढतात. दुसरा घटक नॉझलचा; कोठीतील दाबाचे रूपांतर रेट्यात करण्याचे काम नॉझलने किती चांगले केले हे त्यावरून कळते. दोहोंच्या गुणाकारातून एकूण कार्यमान मिळते. आकडा कमी आला तर दोष प्रणोदक फवारणाऱ्या पट्टीत आहे की नॉझलच्या आकारात, हे आता सांगता येऊ लागले. पल्ल्याच्या मापाने ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते त्या प्रश्नाला शंभर वर्षांनंतर हे उत्तर मिळाले.

घन प्रणोदकाच्या मोटरचे मापन थोडे निराळे असते. तेथे दर सेकंदाला किती प्रणोदक जळले हे प्रवाहमापकाने मोजता येत नाही. म्हणून रेट्याचा कालानुसार आलेख काढतात, त्याखालील क्षेत्रफळाला प्रणोदकाच्या एकूण वजनाने भागतात. शिवाय एकदा पेटविलेली मोटर पुन्हा वापरता येत नाही; तपासलेली मोटर उडत नाही आणि उडणारी मोटर कधीही तपासलेली नसते. त्यामुळे घन प्रणोदकात मापनाचा सारा भर उत्पादनाच्या एकसारखेपणावर येतो. भारतात या क्षेत्राची पायाभरणी करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांचे स्थान अग्रगण्य आहे. १८ जुलै १९८० रोजी 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन प्रणोदकाचे होते.

७. आकड्याच्या मर्यादा

केवळ विशिष्ट आवेग हाच निकष मानला तर सर्व रॉकेटे हायड्रोजनवर चालावयास हवीत. चंद्रावर माणसे नेणाऱ्या 'सॅटर्न ५'च्या पहिल्या टप्प्यातील 'एफ-१' इंजिने केरोसिनवर चालत. त्यांचा विशिष्ट आवेग समुद्रसपाटीस अवघा २६३ सेकंद होता. वरच्या टप्प्यांतील हायड्रोजनवरील 'जे-२' इंजिनांचा निर्वातात सुमारे ४२१ सेकंद. असे असूनही केरोसिनची निवड झाली, कारण द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला सुमारे ७१ किलोग्रॅम इतकीच असते, तर केरोसिनची सुमारे ८०० किलोग्रॅम. जमिनीवरून उचलताना हायड्रोजनच्या अवजड टाक्या परवडल्या नसत्या, आणि तेथे प्रचंड रेट्याचीच गरज अधिक होती.

'एफ-१'चा इतिहास आणखी एक मर्यादा दाखवितो. १९६२ मध्ये चाचणीमंचावर ज्वलनातील अस्थिरतेमुळे या इंजिनाचा विध्वंस झाला. कोठीतील दाब तीव्रतेने कंप पावू लागला की क्षणार्धात धातू वितळे. त्या क्षणापर्यंत विशिष्ट आवेगाचा आकडा समाधानकारक असू शकतो. अभियंत्यांनी चालू इंजिनाच्या कोठीत लहान स्फोटके उडवून मुद्दाम अस्थिरता निर्माण केली आणि ती किती लवकर शमते हे मोजले. सुमारे दोन हजार पूर्ण आकाराच्या चाचण्यांनंतर हे इंजिन विश्वासार्ह ठरले. पुढे तेरा उड्डाणांत वापरलेल्या ६५ 'एफ-१' इंजिनांपैकी एकही निकामी झाले नाही. कार्यमानाबरोबर स्थैर्याचेही मापन करावे लागते, हा धडा येथे मिळाला.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण विद्युत इंजिनांचे. १९९८ मध्ये सोडलेल्या 'डीप स्पेस १' यानाच्या आयन इंजिनाचा विशिष्ट आवेग सुमारे ३,१०० सेकंद होता. रेटा मात्र जास्तीत जास्त नऊ ग्रॅम वजनाइतका. पृथ्वीवरून स्वतःचे वजनही ते उचलू शकले नसते. म्हणून 'उत्तम इंजिन कोणते?' या प्रश्नाला 'कोणत्या कामासाठी?' हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

८. दावा आणि पडताळणी

सोव्हिएत चांद्रमोहिमेसाठी कुइबिशेव्ह येथील निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्या संस्थेने 'एनके-३३' हे केरोसिन इंजिन तयार केले होते. 'एन-१' या रॉकेटची १९६९ ते १९७२ मधील चारही उड्डाणे अयशस्वी झाली, मोहीम बंद पडली आणि इंजिने गोदामात राहिली. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकन अभियंत्यांना त्यांचे आकडे कळले : समुद्रसपाटीस सुमारे २९७, निर्वातात सुमारे ३३१ सेकंद. टर्बाइन चालविणारा वायू बाहेर न सोडता पुन्हा ज्वलनकोठीत नेण्याच्या पद्धतीमुळे हे साध्य झाले होते. परंतु ऑक्सिजनने समृद्ध असा तप्त वायू धातूला जाळून टाकील, असे अमेरिकेत मानले जाई. ऑक्टोबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे जुन्या साठ्यातील इंजिन मंचावर चालविण्यात आले आणि दाव्याची सत्यता पटली. दोन शत्रुराष्ट्रांना समान असलेली मापनाची भाषा येथे उपयोगी पडली.

भारताच्या दृष्टीने पडताळणीचे सर्वांत कठोर प्रकरण क्रायोजेनिक इंजिनाचे. सोव्हिएत संघाशी १९९१ मध्ये झालेल्या तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या करारातील महत्त्वाचा भाग अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये गळाला; तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान मिळाले नाही. देशी इंजिन तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे विकसित झाले. जमिनीवरील चाचण्यांत ते यशस्वी ठरले होते. तरीही १५ एप्रिल २०१० रोजी पहिल्या उड्डाणात इंधनाचा सहायक पंप थांबला आणि मोहीम अपयशी ठरली. त्यानंतर महेंद्रगिरी येथील उच्च-उंची चाचणी व्यवस्थेत निर्वातसदृश परिस्थिती निर्माण करून २०१३ मध्ये इंजिनाच्या प्रज्वलनाची चाचणी घेण्यात आली. ५ जानेवारी २०१४ रोजी उड्डाण यशस्वी झाले. सुमारे ४५४ सेकंदांचा विशिष्ट आवेग हे त्या इंजिनाचे भूषण खरे. परंतु पहिल्या अपयशाने दाखविलेली उणीव त्या आकड्यात दिसत नव्हती. जे गॉडर्ड यांनी वूस्टरमधील नळीत केले तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा करावे लागले : इंजिनाला त्याच्या खऱ्या परिस्थितीत मोजणे. या उद्योगाचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. पीएसएलव्ही व जीएसएलव्ही यांतील 'विकास' इंजिने विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आली आहेत.

मापनातील सूक्ष्म फरकाचे व्यावहारिक मोल एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. १०,००० किलोग्रॅमच्या वरच्या टप्प्याला सेकंदाला ४,५०० मीटर वेगवाढ साधावयाची आहे. विशिष्ट आवेग ४५० सेकंद असेल तर अखेरीस ३,६०७ किलोग्रॅम शिल्लक राहतात. तो एक टक्क्याने कमी, म्हणजे ४४५.५ सेकंद असेल तर ३,५७०. टप्प्याच्या सांगाड्याचे वजन १,६०० किलोग्रॅम धरले, तर उपग्रहाचे वजन २,००७ वरून १,९७० किलोग्रॅमवर येते. मंचावरील काट्याची एक टक्का चूक ही उपग्रहाच्या वजनात जवळजवळ दोन टक्क्यांची चूक होते. म्हणूनच चाचणीमंचावर रेटामापकाचे अंशांकन, प्रणोदकाच्या नळ्यांच्या ताठरपणामुळे रेट्यात पडणारी घट आणि प्रवाहमापकाची अचूकता यांवर एवढा काळ खर्च होतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पल्ला हेच माप होते तोवर रॉकेटची सुधारणा अनुभवावर व योगायोगावर विसंबून होती. इंजिनाला बांधून ठेवून मोजण्याच्या पद्धतीने कारणे वेगळी करता आली. दुसरा, विशिष्ट आवेग ही निसर्गात आयती सापडलेली राशी नसून तुलनेच्या गरजेतून घडलेला संकेत आहे, आणि सेकंद हे तिचे एकक त्या गरजेची खूण आहे. तिसरा, निर्वातात मोजण्याचा आग्रह १९१५ पासून २०१३ पर्यंत पुन्हा पुन्हा निर्णायक ठरला. चौथा, हा आकडा घनता, स्थैर्य, विश्वासार्हता व मानवी मूल्य यांविषयी काही सांगत नाही. ते सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणेही योग्य नव्हे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना करावीशी वाटते. विशिष्ट आवेगाचे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी ओबेर्थ यांच्या चाचणीचे तीन आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून भागाकार त्यांनाच करू द्यावा. ७ किलोग्रॅम रेटा, ९० सेकंद, ७ किलोग्रॅम प्रणोदक : एवढ्यातून सूत्र त्यांचे त्यांनाच सापडेल. त्यानंतर, या भागाकारात काय धरलेले नाही, हा प्रश्नही त्यांना अवश्य विचारावा. पहिल्या कृतीने विज्ञान समजेल आणि दुसऱ्या प्रश्नाने विज्ञानाचा इतिहास.